एका हस्तलिखिताची तपासणी

शाळेचे हस्तलिखित तयार होऊन शिक्षकांच्या टेबलावर येते, तेव्हा त्याला गुण कसे द्यावेत असा प्रश्न पडतो. बहुधा दोनपैकी एक मार्ग धरला जातो. काहीजण लाल शाई घेऊन शुद्धलेखन, समास आणि अक्षराचे वळण तपासतात. काहीजण 'मुलांनी केलंय ना, मग छानच!' असे म्हणून पाठ थोपटतात आणि अंक कपाटात ठेवून देतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट राहून जाते. तो अंक नियतकालिक म्हणून कोणी वाचतच नाही.

तिसरा मार्ग आहे, पण तो थोडा कष्टाचा. व्यावसायिक नियतकालिके काही संकेत पाळतात : ठरलेल्या दिवशी अंक काढणे, ओळखीचे मुखपृष्ठ, नियमित सदरे, लेखकाचे नाव, मजकुराचा उगम सांगणे, संपादकाने जबाबदारी घेणे. हे संकेत कशासाठी पडले ते आधी समजून घ्यायचे, आणि मगच ते मुलांच्या अंकाला लावून पाहायचे. या लेखात आपण ही तपासणी इतिहासातल्या एका खऱ्या अंकावर करून पाहू. मुलांनीच काढलेले ते साप्ताहिक होते, आणि ते अशा परिस्थितीत निघाले की त्याला सवलतीचे गुण द्यायचा मोह कोणालाही व्हावा.

संकेत आले कोठून?

नियतकालिकाला 'मॅगझिन' हे नाव पडले ते लंडनमध्ये. १७३१ च्या जानेवारीत एडवर्ड केव्ह या मुद्रकाने 'जेंटलमन्स मॅगझिन' नावाचे मासिक सुरू केले. मॅगझिन म्हणजे कोठी. मूळ शब्द अरबी 'मखजन'. बंदुकीच्या दारूच्या कोठारालाही तोच शब्द वापरतात. केव्हच्या कोठीत सुरुवातीला बराचसा माल दुसऱ्यांचा होता. लंडनच्या निरनिराळ्या पत्रांतले लेख संक्षिप्त करून तो एकत्र छापत असे आणि कोणता मजकूर कोणत्या पत्रातला, तेही सांगत असे. संपादक म्हणून तो स्वतःचे नाव न घालता 'सिल्व्हेनस अर्बन' हे टोपणनाव वापरी. वन आणि नगर, दोन्हींकडच्या वाचकांसाठी हे मासिक आहे, असे त्या नावातून सुचवायचे होते.

या एका उदाहरणावरूनही ध्यानात येते की संकेत म्हणजे नुसती सजावट नव्हे. दर महिन्याला अंक काढणे म्हणजे वाचकाला दिलेला शब्द. उगम सांगणे म्हणजे 'हे माझे नाही' अशी प्रामाणिक कबुली. ठरलेले सदर म्हणजे वाचकाने पुन्हा त्याच पानाकडे यावे यासाठी केलेली सोय. प्रत्येक संकेतामागे वाचकाला दिलेले एखादे वचन असते. हे वचन पाळले गेले की नाही, हे पाहणे म्हणजेच तपासणी.

तेरेझीनचे 'वेदेम'

आता आपल्या अंकाकडे वळू. प्राग शहराच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर तेरेझीन नावाचे गाव आहे. सम्राट दुसऱ्या योझेफने १७८० मध्ये तेथे किल्ला बांधायला घेतला आणि आपली आई मारिया तेरेझा हिचे नाव त्याला दिले. चेकोस्लोव्हाकियाचा हा भाग नाझी जर्मनीने व्यापल्यावर नोव्हेंबर १९४१ पासून या तटबंदीच्या गावात ज्यूंना कोंडायला सुरुवात झाली. युद्धापूर्वी सैनिक धरून सुमारे ७,००० लोकांची वस्ती असलेल्या या गावात सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० हून अधिक माणसे होती. येथून पूर्वेकडे, मुख्यतः आउश्वित्सकडे, आगगाड्या जात. त्या गाड्यांतून गेलेल्यांपैकी फार थोडे परत आले.

गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीला 'एल ४१७' असा क्रमांक होता. तिथे मुलगे खोल्याखोल्यांतून दाटीवाटीने राहत. मुलांना शाळा शिकवायला बंदी होती. तरी मोठी माणसे पाळत ठेवून, लपूनछपून शिकवीत. पहिल्या क्रमांकाच्या खोलीचे प्रमुख होते वाल्टर आयझिंगर हे तरुण शिक्षक. त्यांनी मुलांना एका रशियन पुस्तकाची ओळख करून दिली. बेलिख आणि पांतेलेयेव या दोघा लेखकांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या पुस्तकात पेत्रोग्रादच्या एका शाळेतल्या अनाथ, उनाड मुलांनी आपले 'प्रजासत्ताक' कसे उभे केले ते सांगितले आहे. दोन्ही लेखक त्याच शाळेचे विद्यार्थी होते. त्या शाळेचे संक्षिप्त नाव 'श्किद'. तेरेझीनच्या मुलांनी तेच नाव उचलले. आपल्या खोलीला त्यांनी 'श्किद प्रजासत्ताक' म्हटले, ध्वज आणि गीत ठरवले आणि डिसेंबर १९४२ मध्ये साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव 'वेदेम', म्हणजे 'आम्ही आघाडीवर'. संपादक होता पेत्र गिंझ, वय वर्षे १४.

तपासणी

पहिला निकष नियमितपणाचा. डिसेंबर १९४२ ते १९४४ चा उन्हाळा, म्हणजे ८० च्या आसपास आठवडे 'वेदेम' निघत राहिले. आज सुमारे ८०० पाने शिल्लक आहेत. भागाकार केला तर आठवड्याला साधारण १० पाने येतात. वर्षातून एक अंक काढताना आपल्या शाळांची होणारी धावपळ आठवली म्हणजे या आकड्याचे वजन कळेल. मजकूर कमी पडला की पेत्र स्वतः लिहून पाने भरून काढी. वार चुकवायचा नाही, हा संपादकाचा पहिला धर्म त्याला कोणी शिकवला नव्हता, पण त्याने तो पाळला. येथे पूर्ण गुण.

दुसरा निकष मुखपृष्ठाचा आणि मांडणीचा. तारे, पुस्तक आणि पुस्तकाजवळून ताऱ्यांकडे झेपावणारे अग्निबाण, हे खोलीचे बोधचिन्ह होते. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांचे वेड त्यात दिसते. खऱ्या मासिकाप्रमाणे दिसावे म्हणून मुले गमतीने अंकावर किंमतही टाकीत. सुरुवातीचे अंक टाइपरायटरवर निघाले. रिबनची शाई संपली तेव्हा पुढचे अंक हाताने लिहिले गेले. छपाईच्या निकषावर हे साप्ताहिक नापास ठरेल यात शंका नाही. पण छपाई कशासाठी असते? मजकूर वाचकापर्यंत पोचावा म्हणून. काही काळ अंक भिंतीवर लावला जाई. तपासणीला एस. एस. चे सैनिक आले तर घात होईल, म्हणून ते बंद केले. मग उरला तो शुक्रवारच्या संध्याकाळचा रिवाज : सगळी खोली जमायची आणि अंक मोठ्याने वाचला जायचा. लेखकासमोर वाचक बसलेला आहे, त्याला कंटाळा आला तर तो लगेच कळतो आहे, ही सोय हजारो प्रती खपणाऱ्या मासिकालाही मिळत नाही.

तिसरा निकष सदरांचा आणि बातमीदारीचा. कविता, विनोद, चित्रे, संवाद, पुस्तक परीक्षणे हे सारे 'वेदेम'मध्ये आहे. हानुश हाखेनबुर्ग या मुलाच्या कविता तर कोणत्याही वयाच्या कवीच्या शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. परंतु नियतकालिक म्हणून पाहताना आम्हाला सर्वात महत्त्वाचे वाटते ते पेत्रचे 'तेरेझीनमधली भटकंती' हे सदर. त्यासाठी तो एकेका ठिकाणी जाई, तिथल्या माणसांना प्रश्न विचारी, पाहिलेले लिहून काढी. बेकरी झाली, प्रसूतिगृह झाले, अग्निशामक केंद्र झाले. एका लेखासाठी तो प्रेते जाळण्याच्या भट्ट्यांपाशीही गेला. ज्या गावात आपल्याला डांबले आहे ते गाव चालते तरी कसे, हे एक मुलगा पद्धतशीरपणे शोधत होता. जायचे, पाहायचे, विचारायचे आणि मग लिहायचे, हा क्रम विज्ञानाचा आहे आणि चांगल्या पत्रकारितेचाही. येथेही पूर्ण गुण.

चौथा निकष श्रेयाचा. लेखाखाली लेखकाचे नाव असावे, असा संकेत आहे. 'वेदेम'मध्ये बहुतेक मुले टोपणनावाने लिहीत. काहींनी मिळून 'अकादमी' असे सामुदायिक नावही घेतले होते. यामुळे काही मजकूर नेमका कोणाचा हे आज ठरवता येत नाही. व्यावसायिक परीक्षक येथे गुण कापेल. मात्र केव्हचे 'सिल्व्हेनस अर्बन' आठवावे. टोपणनाव हाही नियतकालिकांचा जुनाच संकेत आहे, आणि शुक्रवारी वाचन ऐकणाऱ्या मुलांना त्या नावांमागचे चेहरे ओळखीचे असणार. तेव्हाच्या वाचकाला दिलेले वचन पाळले गेले. अडचण झाली ती पुढच्या काळातल्या वाचकाची, आणि तिचे कारण मुलांच्या निष्काळजीपणात नाही. नावे सांगायला ती मुले उरली नाहीत. या खोलीतून सुमारे १०० मुले गेली. वाचली त्यांतली १५.

काळाचे माप

आणखी एक सावधगिरी सांगायला हवी. मुलांचे काम तपासताना आजचे ज्ञान हे माप म्हणून वापरू नये. पेत्रने तेरेझीनमध्ये असताना काढलेले एक चित्र प्रसिद्ध आहे. चंद्रावरच्या डोंगरांतून आकाशातली पृथ्वी कशी दिसेल, ते त्याने त्यात दाखवले आहे. डोंगर टोकदार, कड्याकपारींचे आहेत. चंद्रावरचे डोंगर प्रत्यक्षात तसे नाहीत. अब्जावधी वर्षे बारीकसारीक उल्कांचा मारा झाल्याने त्यांचे चढउतार गुळगुळीत झाले आहेत. पण हे माणसाने जवळून पाहिले ते १९६० च्या दशकात. त्याआधी नामवंत अवकाश-चित्रकारही चंद्रावर सुळकेच काढीत. म्हणजे पेत्रचे चित्र त्याच्या काळच्या व्यावसायिक चित्रांच्या तोडीचे ठरते. पृथ्वीच्या दिशेने पाहणाऱ्या यानाने चंद्राजवळून तिचा पहिला फोटो घेतला तो १९६६ मध्ये, चित्रानंतर वीसहून अधिक वर्षांनी.

या चित्राची एक प्रत इलान रामोन हे इस्रायलचे पहिले अंतराळवीर जानेवारी २००३ मध्ये 'कोलंबिया' यानातून सोबत घेऊन गेले. आपली कल्पना चावला त्याच यानात होती. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना यान फुटले आणि सातही अंतराळवीर दगावले. पेत्रचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ चा. तो त्या दिवशी ७५ वर्षांचा झाला असता. २८ सप्टेंबर १९४४ च्या गाडीने त्याला आउश्वित्सला नेले आणि तेथे मारले. तेव्हा तो १६ वर्षांचा होता. आयझिंगरही युद्धातून वाचले नाहीत.

'वेदेम'ची पाने मात्र वाचली. खोलीतल्या मुलांपैकी झ्देनेक ताउसिग हा एकटाच शेवटपर्यंत तेरेझीनमध्ये राहिला. त्याचे वडील लोहारकाम करीत. त्या लोहारशाळेत त्याने पाने लपवली आणि मे १९४५ मध्ये सुटका झाल्यावर प्रागला आणली. चेकोस्लोव्हाकियात पुढची अनेक वर्षे ती उघडपणे छापता आली नाहीत. निवडक मजकुराचे पुस्तक उघडपणे निघायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

आपल्या वर्गासाठी

ही हकीकत वाचून कोणी म्हणेल, अशा अंकाला कसले गुण देता? तो हात जोडून वाचायचा. आम्हाला हे पटत नाही. मुलांनी अंकावर किंमत टाकली, सदरे आखली, वार पाळला, ते खरोखरीच्या वाचकासाठी. त्यांना दयेचे गुण दिले तर त्या मेहनतीचा अपमान होईल. काटेकोर माप लावूनही 'वेदेम' ज्या ठिकाणी उत्तीर्ण होते, तिथेच त्याचे मोठेपण दिसते.

तेव्हा या वर्षीचे हस्तलिखित हाती आले की लाल शाई थोडी बाजूला ठेवून मुलांबरोबर बसावे आणि चार प्रश्न विचारावेत. हा अंक कोणासाठी आहे, आणि त्या वाचकाने तो वाचला का? पुढचा अंक कधी, हे ठरले आहे का? कोणता मजकूर आपला आणि कोणता उतरवून घेतलेला, हे वाचकाला कळते का? आणि या अंकात अशी एक तरी गोष्ट आहे का, जी कोणीतरी स्वतः जाऊन, पाहून, विचारून लिहिली आहे?

चौथा प्रश्न सर्वात अवघड. पाणीपुरवठ्याची टाकी, एस. टी. चा डेपो, गिरणी, दवाखाना, स्मशान, प्रत्येक गावात असते. तिथे जाऊन लिहिलेला एक पानभर मजकूर पुस्तकातून उतरवलेल्या दहा थोर चरित्रांपेक्षा अधिक मोलाचा मानावा. शुद्धलेखनाच्या चुका त्यातही असतील. त्या दुरुस्त करता येतात. पण मुलाला पाहायला जावेसेच वाटले नाही, तर ती उणीव लाल शाईने भरून निघत नाही.