वायकाटोची वाट : कुरणे, उद्याने आणि प्रकाशगुहा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील वायकाटो हा हिरव्या कुरणांचा, दुभत्या गायींचा आणि चुनखडीच्या टेकड्यांचा प्रदेश. ऑकलंडहून दक्षिणेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर हॅमिल्टन शहर लागते आणि तेथून पाऊणशे किलोमीटरवर वाइटोमोच्या गुहा. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेल्या मोटरहोममधून हा प्रवास करणारे पर्यटक मोठ्या संख्येने असतात. भारताप्रमाणेच तेथेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. परवाना इंग्रजीत नसेल, तर त्याचे अधिकृत भाषांतर जवळ बाळगावे लागते.

मुक्कामाचे नियम

घर बरोबर घेऊन हिंडायचे म्हणजे वाटेल तेथे थांबायचे, असा समज मात्र चुकीचा ठरेल. स्थानिक परिषदांनी आपल्या जागांवर मुक्कामाचे निर्बंध कसे घालावेत, हे २०११ च्या कायद्याने ठरवून दिले. २०२३ मध्ये हे नियम अधिक कडक झाले. परिषदेच्या जागेवर गाडीत रात्र काढायची, तर गाडीत पक्के बसवलेले शौचालय असावे, असा सर्वसाधारण दंडक झाला. सांडपाणी व मैला ठरवून दिलेल्या केंद्रांवरच रिकामा करता येतो. घरून लोणची, मसाले, फराळ नेणाऱ्यांनी विमानतळावर त्याची नोंद करणे बंधनकारक आहे. न केल्यास ४०० डॉलरचा दंड जागेवरच होऊ शकतो.

कचरा डेपोवर फुललेली बाग

हॅमिल्टन गार्डन्स हे वायकाटो नदीकाठचे ५४ हेक्टरांचे सार्वजनिक उद्यान. याच जागेवर एके काळी शहराचा कचरा टाकला जात असे. आज तेथे उद्यानकलेचा इतिहासच मांडलेला दिसतो. जपानी, चिनी, इटालियन आणि इंग्रजी पद्धतीच्या बागांबरोबर माओरी लोकांच्या पारंपरिक शेतीचे दर्शन घडवणारी 'ते पारापारा' आहे आणि मोगल शैलीचा चारबागही आहे. २०१४ मध्ये या उद्यानाला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२४ पासून बंदिस्त बागांसाठी बाहेरगावच्या पर्यटकांना शुल्क द्यावे लागते.

काजवा नव्हे, अळी

माओरी भाषेत 'वाइ' म्हणजे पाणी आणि 'टोमो' म्हणजे विवर. माओरी प्रमुख टाने टिनोराऊ आणि इंग्रज भूमापक फ्रेड मेस यांनी १८८७ मध्ये तराफ्यावरून या गुहेत प्रवेश केला. १८८९ पासून ती पर्यटकांना खुली झाली. १९०६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९८९ मध्ये मूळ मालकांच्या वंशजांना परत केली.

गुहेच्या छतावरील निळसर-हिरवा प्रकाश पाहून सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडावर लुकलुकणारे काजवे आठवतील. पण हा जीव वेगळा आहे. काजवा हा भुंगेऱ्यांच्या गटातला कीटक असून तो जोडीदारासाठी चमकतो. वाइटोमोतील अरॅक्नोकॅम्पा ल्युमिनोसा ही चिलटासारख्या कीटकाची अळी, आणि तिचा प्रकाश हे भक्ष्याला दाखवलेले आमिष. छतावरून ती चिकट धागे सोडते आणि उजेडाकडे झेपावणारे कीटक त्यांत अडकतात. अळीची अवस्था कित्येक महिने टिकते. प्रौढ कीटकाला मात्र अन्न घेण्यासाठी तोंडच नसते. अंडी घालून तो काही दिवसांत मरतो.

हे सारे जीवन दमट, स्थिर हवेवर अवलंबून आहे. वारा वाढला की धागे गुंततात, हवा कोरडी झाली की अळ्या सुकतात. गुहेतील हवेचे संतुलन बिघडून प्रकाश मंदावल्यामुळे १९७९ मध्ये गुहा काही काळ बंद ठेवावी लागली होती. त्यानंतर तापमान, आर्द्रता आणि पर्यटकांच्या श्वासातून साचणारा कार्बन डायऑक्साइड यांच्यावर देखरेख सुरू झाली; हवा बिघडू लागली, तर गुहेत शिरणाऱ्यांची संख्या रोखली जाते. भूमिगत नदीवरची नाव वाटाडे दोर ओढून नेतात, तीही अंधारात आणि निःशब्द. पर्यटकांनी पाळलेल्या या संयमावरच छतावरचा उजेड टिकून आहे.