प्रकाशाची दोन प्रतिमाने आणि शाळेचा वर्ग

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील माध्यमिक शाळांमधील भौतिकशास्त्र बव्हंशी उपकरणांची माहिती आणि सूत्रे यांत अडकून पडले होते. एखादा वैज्ञानिक विचार कसा उभा राहतो आणि प्रसंगी तो का सोडून द्यावा लागतो, याची ओळख विद्यार्थ्यांना क्वचितच होत असे. ही उणीव दूर करण्यासाठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील भौतिकशास्त्रज्ञ जेरॉल्ड झकारियास यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये ‘फिजिकल सायन्स स्टडी कमिटी’ स्थापन झाली आणि १९६० मध्ये तिचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले.

या पुस्तकातील प्रकाशाच्या विवेचनाचे वैशिष्ट्य असे की, प्रकाश म्हणजे वेगाने धावणाऱ्या कणांचा प्रवाह होय, हे न्यूटनच्या परंपरेतील कण-प्रतिमान त्यात आधी पूर्ण ताकदीनिशी मांडले गेले. पोलादी गोळी वरच्या सपाट पातळीवरून उतारावर आणि तेथून खालच्या पातळीवर घरंगळत गेली, की तिचा मार्ग स्तंभिकेकडे, म्हणजे सीमारेषेला लंब असलेल्या रेषेकडे वळतो, आणि वरच्या व खालच्या मार्गांनी या रेषेशी केलेल्या कोनांच्या साइनचे गुणोत्तर कायम राहते. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वळतो, ज्याला अपवर्तन म्हणतात, त्याचा नियम नेमका हाच आहे. मात्र खालच्या पातळीवर गोळीचा वेग वाढलेला असतो, त्यामुळे या प्रतिमानानुसार पाण्यातील प्रकाशही हवेतल्यापेक्षा वेगवान असायला हवा. प्रत्यक्षात तो मंदावतो, हे फ्रान्समध्ये फूको यांनी १८५० मध्येच प्रयोगाने दाखवले होते.

यानंतर विद्यार्थी तरंगांकडे वळत. काचेचा तळ असलेल्या उथळ पात्रात पाणी भरून वर दिवा लावला, की लाटांचे माथे भिंगाप्रमाणे प्रकाश एकवटतात आणि खालच्या पांढऱ्या कागदावर सरकत्या उजळ रेषा उमटतात. पाण्यात काचेची तबकडी बुडवून एक भाग अधिक उथळ केला, तर तेथे तरंग, पाण्यात शिरणाऱ्या प्रकाशाप्रमाणेच, मंदावून वळतात. दोन टोके एकाच लयीत पाण्यावर आपटली, तर काही रेषांवर पाणी जवळजवळ निश्चल राहते. तरंगांनी एकमेकांना बळ देण्याच्या वा एकमेकांचा लोप करण्याच्या या क्रियेला व्यतिकरण म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंग यांनी प्रकाशाच्या तरंगरूपाचा पुरावा म्हणून तीच पुढे केली होती.

तरीही तरंग-प्रतिमानाला अंतिम सत्याचा मान दिला गेला नाही. धातूवर प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, या प्रकाशविद्युत परिणामाचा उलगडा करण्यासाठी आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेली प्रकाशऊर्जेच्या पुंजांची, म्हणजेच पुढे फोटॉन म्हटल्या गेलेल्या कणांची कल्पना पुस्तकाच्या शेवटच्या भागात येत असे.

उत्तर सांगण्यापूर्वी फसलेल्या प्रतिमानाचेही बळ विद्यार्थ्यांना अजमावू देणे, हेच या अभ्यासक्रमाचे सर्वांत मोलाचे देणे होय. कारण कोणते प्रतिमान कोठवर चालते हे ज्याने स्वतः मोजून पाहिले, त्यालाच प्रकाशाच्या दुहेरी स्वरूपाचा अर्थ खऱ्या अर्थाने उमगतो.