चाल आठवते, नाव आठवत नाही

शाळेत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी एकदा कुठून तरी एक व्हिडिओ कॅसेट मिळवली, मुख्याध्यापकांच्या खोलीतला टीव्ही मोठ्या वर्गात आणून ठेवला आणि आम्हाला कार्ल सेगन यांच्या ‘कॉसमॉस’ या मालिकेचा एक भाग दाखवला. त्यातले इंग्रजी आम्हाला फारसे समजले नाही. पण सुरुवातीला पडद्यावर तारे सरकत असताना जी संथ सुरावट वाजली, ती मात्र डोक्यात पक्की बसली.

दुसरी चाल आमच्या आजीची. तांदूळ निवडताना ती एक पद गुणगुणायची. तिच्या लहानपणी वाड्यात कर्ण्याचा फोनो होता आणि त्यावर वाजणाऱ्या एका तबकडीतले ते पद होते, एवढेच ती सांगे. कोणी गायले, कोणत्या नाटकातले, हे तिलाही ठाऊक नव्हते. शब्दही अर्धेमुर्धेच आठवत.

या दोन्ही चालींचा आम्ही पुढे बराच शोध घेतला. एक सापडली, दुसरी सापडली असे म्हणता येत नाही. असे का झाले याचा विचार करताना एक जुना शास्त्रीय प्रश्न समोर आला. ज्या वस्तूचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ती यादीत शोधायची तरी कशी?

नावांची यादी आणि गुणांची यादी

शब्दकोशात अर्थ पाहायचा तर शब्द माहीत असावा लागतो. रानात अनोळखी फूल दिसले तर शब्दकोश निरुपयोगी ठरतो. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी दुसऱ्या प्रकारची पुस्तके तयार केली. १७३५ साली लिनियसने फुलातले पुंकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडले. त्यामुळे नाव माहीत नसतानाही, नुसते फुलाकडे पाहून, त्या फुलाचा वर्ग ठरवता येऊ लागला. आजही वनस्पती ओळखण्याच्या पुस्तकात ‘पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक?’ अशी प्रश्नांची साखळी असते.

संगीताच्या याद्या मात्र फार काळ शब्दकोशासारख्याच राहिल्या. गाण्याचे नाव, गायकाचे नाव, चित्रपटाचे नाव यांवरून गाणे शोधायचे. जुन्या तबकड्यांच्या दुकानात आम्ही सेगन यांच्या मालिकेतली सुरावट शीळ घालून ऐकवायचो, तेव्हा दुकानदार शांतपणे ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, “ते ठीक आहे, पण नाव काय?”

शिवाय नावे फसवीही असतात. आपल्या बालवाडीतली मुले ‘ट्विंकल ट्विंकल’, ‘बा बा ब्लॅक शीप’ आणि इंग्रजी मुळाक्षरांचे गाणे अशी तीन गाणी शिकतात. मुलांच्या लेखी ती वेगळी आहेत. पण चाल एकच आहे. ही अठराव्या शतकातली एक फ्रेंच चाल. मोत्सार्टने तिच्यावर पियानोसाठी बारा रूपे रचली. ‘ट्विंकल’चे शब्द जेन टेलर यांचे, ते छापले गेले १८०६ साली, म्हणजे चालीनंतर खूप उशिरा. तेव्हा शोधायची आहे ती चाल, तिच्यावर चिकटवलेले नाव नव्हे.

चाल म्हणजे नेमके काय?

तुम्ही ‘ट्विंकल’ काळी एकमध्ये म्हणा, तुमची विद्यार्थिनी काळी पाचमध्ये म्हणेल. दोघांच्या सुरांच्या कंपनसंख्या वेगळ्या, तरी चाल तीच आहे हे लहान मूलही ओळखते. १८९० साली ख्रिस्तियान फॉन एरेनफेल्स या ऑस्ट्रियन विचारवंताने नेमके यावर बोट ठेवले. सगळे सुर बदलले तरी चाल टिकते. म्हणजे चाल ही सुरांची नुसती बेरीज नसून त्यांच्यातल्या परस्पर संबंधांत ती असते. मानसशास्त्रातल्या एका मोठ्या विचारपंथाचा उगम या निरीक्षणात आहे.

आपल्याकडच्या पेटीवाल्याला यात नवल वाटणार नाही. आपली सरगम मुळातच सापेक्ष आहे. सा कुठेही धरा, बाकीचे सुर त्याच्या हिशेबाने जागा घेतात. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्याघराण्यांतल्या शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवून घेतल्या आणि रागवार लावून छापल्या. रागांची मांडणी दहा थाटांत केली. चिजेचे शब्द आठवत नसले तरी राग ओळखता आला तर शोध पुष्कळ सोपा होतो. एका अर्थाने ही गुणांवरून केलेली यादीच आहे. पण ती वापरायला राग ओळखणारा कान हवा.

पाश्चात्त्य संगीतासाठी असा प्रयत्न १९४८ साली अमेरिकेत हॅरल्ड बार्लो आणि सॅम मॉर्गनस्टर्न यांनी केला. त्यांनी वाद्यसंगीतातल्या सुमारे १०,००० सुरावटींचा कोश छापला. त्याच्या शेवटी एक अभिनव सूची होती. प्रत्येक सुरावटीचा सा एकाच पट्टीत आणून ठेवायचा, तिचे पहिले काही सुर अक्षरांत लिहायचे आणि ती अक्षरे शब्दकोशातल्या शब्दांसारखी क्रमाने लावायची. चाल गुणगुणा, तिचे सुर लिहा, सूचीत पाहा, नाव सापडेल. अडचण एकच होती. सुर लिहिता येण्यासाठी संगीत शिकलेले असावे लागे.

वर, खाली, तोच

ही अडचण डेनिस पार्सन्स या इंग्रज गृहस्थांनी १९७५ साली दूर केली. त्यांची युक्ती इतकी साधी आहे की ती उद्याच्या तासाला वर्गात करून पाहता येईल. सुर कोणता हे विचारायचेच नाही. प्रत्येक सुर आधीच्या सुरापेक्षा वर गेला, खाली आला, की तोच राहिला, एवढेच लिहायचे. आपण त्यासाठी व, ख आणि त ही अक्षरे घेऊ. पहिल्या सुराला मागचा सुर नाही, म्हणून तिथे एक फुली.

‘ट्विंकल’ची सुरुवात सरगममध्ये अशी आहे: सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा. ती पार्सन्सच्या पद्धतीने अशी होईल: × त व त व त ख ख त ख त ख त ख. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे जगप्रसिद्ध पहिले चार सुर म्हणजे नुसते × त त ख.

इतक्या तुटपुंज्या माहितीवर चाल ओळखता येईल का? गणित करून पाहू. पार्सन्सनी प्रत्येक चालीचे साधारण पहिले १६ सुर घेतले. पहिला सुर सोडला तर १५ जागा उरतात, आणि प्रत्येक जागी तीन शक्यता. तीनचा पंधरावा घात म्हणजे १,४३,४८,९०७. पार्सन्सच्या पुस्तकात चाली होत्या सुमारे १५,०००. म्हणजे पेट्या जवळजवळ दीड कोटी आणि त्यांत ठेवायच्या वस्तू पंधरा हजार! खऱ्या चाली या पेट्यांत समान वाटल्या जात नाहीत हे खरे; काही वळणे गाण्यांत पुन्हा पुन्हा येतात. तरीही बहुतेक चालींना स्वतःची वेगळी पेटी मिळण्याइतकी जागा इथे आहे.

आपली स्मृतीही काहीशी अशीच चालते. नव्याने ऐकलेल्या सुरावटीचे चढउतार आधी लक्षात राहतात आणि सुरांमधली नेमकी अंतरे चाल ओळखीची झाल्यावर पक्की होतात, असे डब्ल्यू. जे. डाउलिंग या मानसशास्त्रज्ञाच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगांतून दिसले. अर्धवट आठवणाऱ्या चालीचा चढउतार तेवढा आपल्याजवळ असतो. पार्सन्सनी तेवढ्यावरच काम भागवले.

१९९५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असिफ घियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच तीन अक्षरे संगणकाला शिकवली. माणूस गुणगुणतो, संगणक त्याचे वर-खाली-तोच करतो आणि यादीत पाहतो. गुणगुणताना एखादा सुर चुकला किंवा गळला तरी जवळची चाल सापडावी, अशीही सोय त्यांनी केली.

तबकडी ओळखणे आणि चाल ओळखणे

टीव्हीवर ऐकलेली आमची सुरावट मात्र यांपैकी कशानेही सापडली नाही. पुढे वसतिगृहात राहत असताना एके रात्री शेजारच्या मित्राच्या खोलीतून ती ऐकू आली. धावत जाऊन पाहिले तर ग्रीक संगीतकार वांगेलिस (१९४३–२०२२) यांची ‘हेवन अँड हेल’ ही तबकडी कॅसेटवर उतरवलेली. तबकडी १९७५ सालची, मालिका १९८० सालची. म्हणजे संगीत मालिकेसाठी केलेलेच नव्हते. आधीच्या तबकडीतून उचलले होते. आणि एका सलग लांब रचनेच्या मधोमध दडलेल्या या तुकड्याचे नाव काय, तर नुसते ‘मूव्हमेंट ३’! मालिका गाजल्यावर १९८१ साली तिच्या संगीताची वेगळी तबकडी निघाली होती. हे आम्हाला ठाऊक असते तर शोध एका पत्रात संपला असता.

आज तोच शोध काही सेकंदांत होतो. २००२ साली इंग्लंडमध्ये ‘शझॅम’ ही सेवा सुरू झाली. २५८० हा क्रमांक फिरवायचा, वाजणाऱ्या गाण्याजवळ फोन धरायचा, थोड्या वेळाने गाण्याचे नाव संदेशात येई. तिची पद्धत एव्हरी वांग यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर कंपनसंख्या घेऊन ध्वनीचा आलेख काढतात आणि त्यातले फक्त सर्वांत जोरकस बिंदू ठेवतात. कागदावर तारकांचा नकाशा काढल्यासारखे ते दिसते. मग जवळच्या दोन-दोन बिंदूंच्या जोड्या घेऊन त्यांच्या कंपनसंख्या आणि वेळेतले अंतर साठवतात. हॉटेलातल्या गोंगाटात काही बिंदू बुजले तरी उरलेल्या जोड्या पुरतात.

पण इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. ही पद्धत चाल ओळखत नाही, ती विशिष्ट ध्वनिमुद्रण ओळखते. त्याच गायिकेने तेच गाणे दुसऱ्या मैफलीत गायले तर तारकांचा नकाशा बदलतो. गुणगुणण्यावरून चाल शोधणारी सोय गूगलने २०२० साली आणली. तिलाही जुळवायला आधी साठवलेले काही तरी लागतेच. कोणीच काही साठवले नसेल, तर यंत्र तरी काय शोधणार?

आजीची चाल

आपल्याकडे तबकड्यांचा आरंभ १९०२ साली कोलकात्यात झाला. फ्रेड गायस्बर्ग यांनी गौहरजान आणि इतर कलावंतांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. गाणे संपताना गौहरजान इंग्रजीतून स्वतःचे नाव सांगतात. तिथल्या कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही प्रथा पडली, असे सांगतात. कागदी लेबल उडाले तरी ही तबकडी स्वतःचे नाव सांगते! शिवाय लेबलाजवळ कोरलेला क्रमांक असतो. अशा क्रमांकांच्या आधारे मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ साली प्रसिद्ध केली.

आजीची तबकडी आमच्या हाती लागली नाही. तिच्या तोंडचे चार शब्द मात्र जुन्या संगीत नाटकाच्या एका फाटक्या पुस्तकात सापडले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) पासून मराठी नाटकांची पदे पुष्कळदा आधीच्या गाण्यांच्या चालींवर बांधलेली असत. छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून त्या मूळ गाण्याचे पहिले शब्द देत. त्या काळच्या वाचकाला तेवढे पुरे होते. मूळ गाणे त्याला येतच असे. आमच्या पदावरही अशी ओळ होती. आम्ही पेटीवाल्यांना विचारले, कीर्तनकारांना विचारले. ते मूळ गाणे कोणालाच येत नव्हते. बाण दिशा दाखवत होता, पण त्या दिशेला आता काहीच नव्हते.

मग आजी गुणगुणत होती ती हीच चाल की गायकाने बदललेली? ताडून पाहायला आमच्याजवळ उरली आहे ती फक्त आमची आठवण. आणि वीस-पंचवीस वर्षांत तिचे काने-कोपरे झिजून ती गुळगुळीत झाली असणार. आजी होती तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही चित्रपटातली गाणी उतरवली. ती आज कुठेही मिळतात.

म्हणून शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना घरातल्या वयस्कर माणसाकडून, ओवी असो, आरती असो, नाटकातले पद असो, एक चाल ऐकायला सांगा. तिचे पहिले सोळा सुर व, ख, त या अक्षरांत लिहू द्या. खाली गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि त्यांनी ती कुठे ऐकली हे लिहू द्या. फोनवर ध्वनिमुद्रण करता आले तर फारच उत्तम. मग वर्गात सगळे कागद क्रमाने लावा. वेगवेगळ्या शब्दांच्या दोन गाण्यांची अक्षरे जुळली तर पुन्हा ऐकून पाहा. ‘ट्विंकल’सारखी गंमत आपल्या गावातही सापडेल.

आम्ही आजीच्या चालीची अक्षरे आठवतील तशी लिहून ठेवली आहेत. सोळापैकी बाराची खात्री आहे. उरलेल्या चार जागी प्रश्नचिन्ह आहे.