नववे दशक : वाद आणि विरंगुळा

इतिहासाच्या मापाने १९८० ते १९९० हे दशक अगदी कालपरवाचे. त्याचे साक्षी अजून आपल्यांत वावरत आहेत, आणि म्हणूनच त्याविषयी लिहिणे अवघड आहे. गोमंतकात त्या दशकाची आठवण निघाली की दोन तारखा हमखास सांगितल्या जातात. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक विधानसभेत संमत झाले आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. या तारखांच्या शेजारी आणखी एक तारीख मांडावी, एवढाच आमचा प्रयत्न आहे. २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या हिंदी ‘रामायणा’चा पहिला भाग दाखविण्यात आला. विधेयक संमत होण्यास तेव्हा अवघे दहा दिवस उरले होते.

हा योगायोग आहे, हे उघडच आहे. पण भाषेसाठी भांडताना आपण कोठे पाहत होतो आणि कोठे पाहत नव्हतो, हे त्यातून जसे दिसते तसे विधानसभेच्या इतिवृत्तातून दिसणार नाही.

वीस वर्षे आधीचे चित्र वेगळे होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्या लढ्यात कविता होती, तियात्र होते, उल्हास बुयांव यांचे गाणे होते. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता आणि ‘राष्ट्रमत’ विरुद्ध; परंतु दोन्ही पत्रे मराठीच होती! कोंकणी अस्मितेची एक बाजू मराठी दैनिकातून लढविली गेली, ही गोष्ट पुढे दोन्ही पक्ष सोयीस्करपणे विसरले. तो वाद कडवा होता. पण ज्या शब्दांनी तो लढला गेला ते शब्द, ती गाणी आणि ते विनोद याच मातीत घडलेले होते.

नवव्या दशकातला वाद अधिक कडवा झाला. १९८५ मध्ये ‘कोंकणी प्रजेचो आवाज’ स्थापन झाला. डिसेंबर १९८६ मध्ये दंगली उसळल्या आणि सात माणसे प्राणांस मुकली. कायदा झाला तेव्हा देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली, शासकीय कामकाजात मराठीच्या वापरास मुभा मिळाली, आणि रोमी लिपीत लिहिणारे नाराज राहिले. साहित्य अकादमीने १९७५ मध्येच कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली असता तिला मराठीची बोली म्हणत राहणे, हा मराठीच्या कैवाऱ्यांचा हट्ट होता. उलट, ज्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी कीर्तन झाले आणि ज्यांच्या जत्रांतून मराठी नाटक उभे राहिले, तेथे मराठीला परकी म्हणणे हा कोंकणीच्या कैवाऱ्यांचा हट्ट होता. ज्यांच्या घरात बोलणे कोंकणी आणि आरती मराठी, अशा आम्हां पुष्कळांना त्या दिवसांत स्वतःच्याच घरात बाजू निवडावी लागली. आम्हीही एकेक बाजू निवडली, हे येथे कबूल केले पाहिजे.

बा. भ. बोरकर हे पाहण्यास उरले नाहीत. दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने लिहिणारा, ‘सासाय’ या कोंकणी काव्यसंग्रहासाठी १९८१ चा अकादमी पुरस्कार मिळविणारा हा कवी जुलै १९८४ मध्ये वारला. त्याच जुलै महिन्यात दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाले.

दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण १५ ऑगस्ट १९८२ पासून सुरू झाले होते. त्याच वर्षी रंग आले, आशियाई क्रीडास्पर्धा आल्या, आणि पुढील दोनतीन वर्षांत गावोगाव छपरांवर अँटेना दिसू लागले. ‘हम लोग’, ‘बुनियाद’, मग ‘रामायण’ आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’. हिंदीविषयी आमच्या मनात काडीचाही आकस नाही. त्या मालिका आम्हीही आवडीने पाहिल्या. पण संध्याकाळी सभेत आपापल्या भाषेच्या नावाने मुठी आवळून परतलेला मराठीवादी आणि कोंकणीवादी, दोघेही रात्री एकाच तिसऱ्या भाषेपुढे मुकाट्याने बसत होते, आणि त्यात काही नोंद घेण्यासारखे आहे असे कोणासही वाटत नव्हते.

‘रामायणा’चेच उदाहरण घ्या. रामकथा ही आमच्याकडे बाहेरून येण्याची वस्तू नव्हती. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ तर होतेच. पण पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात जपलेल्या जुन्या रोमी हस्तलिखितांत रामायण-महाभारताच्या कथा कोंकणी गद्यात आहेत, आणि त्याच संग्रहात मराठी पद्यही आहे. शेकडो वर्षांपूर्वी या दोन भाषा एका कपाटात सुखाने नांदल्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडके यांचे ‘गीतरामायण’ ऐकू आले, तेव्हा ते ऐकून माणसे स्वतः गाऊ लागली; गावच्या भजनी मंडळापर्यंत ते पोहोचले. सागरांच्या ‘रामायणा’ने रस्ते ओस पाडले, दूरदर्शनसंचाला हार घालविले, पण गाण्यास कोणाला लावले नाही. ते पाहण्याचे होते.

पाहण्याचेही राजकारण असते. कर्नाटकात गोकाक चळवळीच्या अग्रभागी १९८२ मध्ये चित्रपटनट राजकुमार उभे राहिले, आंध्रात एन. टी. रामाराव यांनी त्याच वर्षी पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. बेळगाव आणि हैदराबाद येथील आमच्या वाचकांना हे सांगावयास नकोच. पण ते नट निदान आपापल्या प्रांताच्या भाषेत बोलत होते. १९९१ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यातून लोकसभेवर निवडून गेल्या त्या दीपिका चिखलिया, म्हणजे पडद्यावरील सीता. नवव्या दशकात त्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व रणजितसिंह गायकवाड यांनी केले होते. संस्थानिकांचे वलय ओसरून पडद्याचे वलय त्या जागी आले. त्यात लोकशाहीची प्रगती किती आणि अधोगती किती, याचा निर्णय आम्हांस अजून करता आलेला नाही.

गोव्यात कोणी नट पुढारी झाला नाही. येथे नुकसान अधिक निःशब्द झाले. सचिवालयातील पाटी कोणत्या भाषेत असावी, हे दशकभर भांडून ठरविण्यात आले; मुलाच्या कानांवर दिवसभर कोणती भाषा पडते आणि शाळेत तो कोणती शिकतो, हे भांडणाच्या बाहेरच राहिले. १९९० मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेच्या माध्यमापुरते राखले. पण पालकांचा ओढा इंग्रजीकडे होता, आणि २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला.

त्या निर्णयाविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्याच्या व्यासपीठावर मगो पक्षाच्या माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर होत्या आणि कोंकणी चळवळीचे अग्रणी उदय भेंब्रेही होते. राजभाषा कायदा होऊन तेव्हा चोवीस वर्षे लोटली होती.