रिम का तडकते?

परवा रविवारी ठाण्याहून सायकल काढली, कशेळीचा पूल ओलांडला आणि पूर्णा गावात, गोदामांच्या रांगेपाशी मागचं चाक डुगडुगायला लागलं. बघतो तर अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला स्पोकच्या भोकापाशी केसाएवढी चीर! मी खड्ड्यांना शिव्या घातल्या. पंक्चरवाले काका म्हणाले, "खड्ड्यानं रिम वाकते साहेब. ही स्पोक जास्त आवळल्यामुळे तडकलीय."

घरी येऊन वाचत बसलो. बैलगाडीचं चाक खालच्या आऱ्यावर उभं असतं. सायकलचं उभं असतं ताणावर. ही कल्पना जॉर्ज केलीची, 1808 सालची, आणि तीही विमानासाठी! 1870 मध्ये जेम्स स्टार्लीने ती 'एरियल' सायकलमध्ये आणली. प्रत्येक फेरीत खाली आलेल्या स्पोकचा ताण कमी होतो, वर जाताना परत वाढतो. भोकाभोवतीचा धातू हे सगळं सोसतो. 28 इंची चाकाच्या किलोमीटरला साधारण 450 फेऱ्या. रोज 10 किलोमीटर धरले तर वर्षाला सोळा लाख!

आता गंमत बघा. ताण एका मर्यादेखाली असेल तर पोलाद अशा फेऱ्या जवळजवळ कितीही सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, थकवा साचत जातो. म्हणून जुन्या पोलादी रिम गंजायच्या, वाकायच्या, पण तडकलेल्या क्वचितच दिसायच्या.

आजोबांची सायकल वरळीच्या हिंद सायकल्सची होती. तिथे हिंद सायकल मार्ग अजून आहे. सायकल मात्र मीच भंगारात दिली, 'जड आहे' म्हणून.

असो. पुढच्या वेळी आऊट काढून घ्याल तेव्हा भोकांकडेही एकदा बघा.