दोन शब्द, एकच आग

पेट्रोलच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेले दिसते, तर एखाद्या डब्यावर 'फ्लेमेबल'. आपल्या मनात येते, 'इन' म्हणजे नकार. मराठीतला 'अ' किंवा उर्दूतला 'ना' असतो तसा. म्हणजे 'इन्फ्लेमेबल' पेट न घेणारे! पण मंडळी, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे : चटकन पेट घेणारे.

या घोळाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे 'इन' दोन प्रकारचा. एक नकाराचा, 'इनव्हिजिबल'मधला. दुसरा 'आत' या अर्थाचा. 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे. त्यात हा दुसरा 'इन' आहे. इंग्रजीत सतराव्या शतकापासून 'इन्फ्लेमेबल' रूढ होता. 'फ्लेमेबल' एकोणिसाव्या शतकात आला, पण बरीच वर्षे मागेच राहिला.

त्याला पुढे आणले ते आगीशी झुंजणाऱ्यांनी. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. पाटी वाचून फसलेल्या माणसाला मागाहून व्युत्पत्ती सांगून काय उपयोग? १९५३ साली तिथे पेट घेणाऱ्या कापडांविषयी कायदा झाला, त्याच्या नावातही 'फ्लेमेबल'च आहे. १९५९ मध्ये ब्रिटनच्या मानक संस्थेनेही तेच धोरण जाहीर केले.

मी कवी, दोन अर्थांचा शब्द मला प्रिय. पण तो शेरात शोभतो. धोक्याच्या पाटीवर एकच अर्थ हवा, आणि तोही घाईत वाचणाऱ्याला कळेल असा. आपला 'ज्वालाग्राही' जिभेला जड खरा, पण तो कुणाला फसवत नाही.