मुखपट्टी आणि तिच्यावरील मुद्रा

खोटे नाणे चालते, ते खऱ्या नाण्याला मान असतो म्हणूनच. २०२० सालच्या करोनाच्या साथीत मुखपट्टीला असा मान आला आणि तिच्या पाठोपाठ बनावट मुखपट्टीही बाजारात आली. खरी ओळखावी कशी, हा प्रश्न घरोघरी पडला. त्याचे उत्तर मुखपट्टीच्या इतिहासातच आहे, असे आम्हांस वाटते.

१९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात प्लेगने सुमारे ६०,००० माणसे नेली. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरला. हा मात्र फुप्फुसाचा प्लेग, रोग्याच्या खोकल्याबरोबर पसरणारा. हार्बिन शहरी धाडलेले डॉ. वू लियेन-तेह हे पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले, अवघे ३१ वर्षांचे गृहस्थ. त्यांनी जखमेला बांधण्याच्या जाळीदार कापडाच्या घडीत कापूस घालून मुखपट्टी बनविली. मेनी नावाच्या वडीलधाऱ्या फ्रेंच डॉक्टरांना त्यांचे म्हणणे पटले नाही. ते उघड्या तोंडाने रोगी तपाशीत राहिले आणि जानेवारी १९११ मध्ये त्याच रोगाने वारले.

ही मुखपट्टी कोणतीही गृहिणी घरी शिवू शकत होती. घड्या मोजाव्या, कापूस चाचपावा, की परीक्षा झाली. पुढे मात्र परीक्षा अवघड झाली. १९७२ साली अमेरिकेत एकदा वापरून टाकून देण्याच्या श्वसनरक्षक मुखपट्टीला सरकारी मान्यता मिळाली आणि १९९५ सालच्या नियमांनी ‘एन-९५’ हे नाव रूढ केले. सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण शेकडा ९५ तरी अडविणे, हा त्यातील ९५ चा अर्थ. हे काम करतात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म तंतू व त्यांवरील विद्युत्‌भार. तो भार डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. सोन्याला कसोटीचा दगड आहे, रुपया वाजवून पाहता येत असे; ह्या वस्तूला घरगुती कसोटी नाही. मेणबत्ती फुंकून पाहण्याची युक्तीही सूक्ष्म कणांविषयी काही सांगत नाही.

म्हणून वस्तूऐवजी तिच्यावरील मुद्रेवर विश्वास ठेवणे भाग पडले. आणि ठकांनी मुद्राच उचलली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी एकाच नामांकित कंपनीच्या नावाच्या १ कोटीहून अधिक बनावट मुखपट्ट्या काही आठवड्यांत जप्त केल्याचे जाहीर केले.

तेव्हा मुद्रा नुसती पाहू नये, वाचावी. अमेरिकी एन-९५ वर ‘नायॉश’ ही अक्षरे बिनचूक असतात. ‘टीसी-८४ए’ ने सुरू होणारा मान्यता-क्रमांक मुखपट्टीवरच छापलेला असतो. तिचे पट्टे डोक्यामागून जातात, कानांत अडकत नाहीत. तिच्यावर नक्षी नसते आणि लहान मुलांसाठी म्हणून अशी मान्यता दिलीच जात नाही. आपल्याकडील श्वसनरक्षक मुखपट्टीचे मानक ‘आयएस ९४७३’. आयएसआय चिन्हाच्या वर हा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना-क्रमांक हवा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ह्या मोबाइलवरील सोयीत पडताळता येतो. युरोपीय ‘एफएफपी२’ वर ‘सीई’ पाठोपाठ चार आकडे असावे लागतात. नाव, मानक वा क्रमांक ह्यांपैकी एकही गळालेले असेल, तर माल परत करावा.

किमतीवरून मात्र निवाडा करू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने मुखपट्ट्यांचे कमाल दर ठरवून दिले, तेव्हा गरजूंची लूट रोखण्याचा उपाय झाला. पण दर ठरल्याने खऱ्याखोट्याची पारख होत नाही. महाग तेही खोटे असू शकते.

नकली जरीचे लुगडे घेणाऱ्याचे पैसे जातात, आणि ते त्याला चार धुण्यांत कळते. नकली मुखपट्टी बांधून रोग्याच्या खाटेशी उभ्या राहणाऱ्या परिचारिकेला ते आजारी पडेपर्यंत कळत नाही. डॉ. मेनी निदान जाणूनबुजून उघड्या तोंडाने गेले; आपण सुरक्षित आहोत, अशी तिची तर खात्री असते. दुकानाच्या फळीवर दोन मिनिटे थांबून ती बारीक अक्षरे वाचायची, ती एवढ्यासाठी.